रक्तातला फॉस्फरस आणि पाकिटावरचे आकडे

डायलिसिस सुरू झालं की क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन हे शब्द घरात मिठा-तेलासारखे बोलले जाऊ लागतात. फॉस्फरसची ओळ रिपोर्टात असते, पण तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. माझ्या बाबतीत त्या ओळीकडे सगळ्यांचं लक्ष वळलं ते खाजेमुळे.

मी गोव्यातल्या साखळी गावची. किडनीचा आजार मला आईकडून आला. दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होतात, वाढत जातात आणि पन्नाशीच्या आसपास किडन्या थकतात. आई-वडिलांपैकी एकाला असला तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. त्यामुळे डायलिसिस कधी ना कधी येणार हे मला ठाऊक होतं आणि मनाची तयारीही होती. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास, सरकारी इस्पितळात. पैसे लागत नाहीत, सुई टोचणारी मुलं जिवाभावाची आहेत, शेजारच्या खाटांवरची माणसं आता नात्यातली वाटतात.

खाज मात्र कुणी सांगितली नव्हती. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, काही दिसत नाही. रात्री आडवं झालं की पाठ आणि पोटऱ्या आतून खाजायला लागत. खाजवून रक्त यायचं, पण खाजेपर्यंत नख पोचायचंच नाही. सासूबाईंनी भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, वितळवून पायांना चोळलं. आमच्याकडे टाचांना भेगा पडल्या की तेच लावतात. त्यांच्या हाताने बरं वाटायचं, खाज तशीच राहायची. त्यातच डोळे लाल राहू लागले आणि जिना उतरताना टाचांची हाडं दुखायला लागली. महिन्याचं रक्त तपासलं तेव्हा फॉस्फरस ७.६ निघाला. निरोगी माणसाचा साधारण २.५ ते ४.५ असतो. डायलिसिसवाल्यांनी निदान साडेपाचच्या खाली ठेवावा, असं आमच्या डॉक्टरांचं म्हणणं.

डॉक्टरांनी पोटाचा बाजूने एक्स-रे काढून घेतला. काळ्या फिल्मवर पाठीच्या मणक्यांच्या पुढे एक पांढरी रेघ दिसत होती, मध्ये मध्ये तुटलेली. मला वाटलं हाडच असेल. डॉक्टर म्हणाले, "ही तुमची मुख्य रक्तवाहिनी. एक्स-रेत ती दिसायलाच नको. दिसतेय, कारण तिच्या भिंतीत कॅल्शियम आणि फॉस्फेट बसलंय." रक्तात फॉस्फरस सतत जास्त राहिला की रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाडाच्या पेशींसारख्या वागायला लागतात, हेही त्यांनी सांगितलं. डायलिसिसवरच्या माणसांत किडनीपेक्षा हृदयाने जाणारी जास्त. ती रेघ पाहिल्यावर खाज मला क्षुल्लक वाटायला लागली.

मग मी या फॉस्फरसच्या मागेच लागले. शरीरात तो सुमारे ७०० ग्रॅम असतो आणि त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. उरलेला पेशींत. पेशीची ऊर्जा, पेशीचं आवरण, अनुवंशाची साखळी, सगळीकडे फॉस्फेट आहे. रक्तात असतो तो अगदी थोडा, आणि आपण मोजतो तो तेवढाच. खाण्यातून आलेला जास्तीचा फॉस्फरस किडनी लघवीवाटे काढून टाकते. १६६९ मध्ये हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांड नावाच्या माणसाला फॉस्फरस पहिल्यांदा मिळाला तोही लघवी आटवूनच. किडनी मंदावली की हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक आणि मानेतल्या छोट्या ग्रंथींतून पीटीएच जास्त सुटायला लागतं. ती दोन्ही मिळून उरल्यासुरल्या किडनीकडून फॉस्फरस काढून घेतात. म्हणूनच बरीच वर्षं रक्तातला आकडा ठीक दिसतो आणि तोवर पीटीएच हाडं पोखरत असतं. माझ्या टाचा दुखत होत्या त्या यामुळे.

डायलिसिसने युरिया भराभर उतरतो, मग फॉस्फरस का उतरत नाही, असं मी मशीनवरच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "काकी, तुमच्याकडे विहीर आहे ना? पंप लावला की पाणी झटकन खाली जातं, मग कितीही ओढा, झऱ्यातून येईल तेवढंच मिळतं. फॉस्फरस तसाच. पहिल्या तासात रक्तातला जातो, नंतर पेशींतून हळूहळू झिरपतो. आणि तुम्ही घरी पोचेपर्यंत परत भरतो." म्हणून वेळ महत्त्वाचा. एका बैठकीत जेमतेम ८०० मिलिग्रॅमच्या आसपास निघतो. पेडण्याची बस चुकेल म्हणून शेवटचा अर्धा तास कापून घेणारी माणसं मी पाहते तेव्हा जीव तुटतो. तो अर्धा तास खरं तर याच कामाचा असतो.

हिशेब वहीत मांडला. दिवसाला हजार मिलिग्रॅम खाल्ला आणि त्यातला सहाशे आतड्यातून रक्तात गेला, तर आठवड्याचे झाले ४२००. तीन डायलिसिसमध्ये निघाले २४००. उरले अठराशे. ते कुठे जाणार? थोडे गोळ्यांनी अडतील, बाकीचे त्या पांढऱ्या रेघेत.

आहारतज्ज्ञ मॅडमना भेटायला गेले तेव्हा मी ठरवूनच गेले होते की मासे बंद. गोव्याच्या घरात मासे बंद म्हणजे जेवणच बंद, पण तेही चालेल म्हटलं. मॅडमनी हात जोडून सांगितलं, तसलं काही करू नका. डायलिसिसमध्ये प्रथिनंही थोडी वाहून जातात. आमच्यासारख्यांना वजनाच्या किलोमागे दिवसाला एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं लागतातच. ती तोडली तर फॉस्फरस उतरेल आणि माणूसही उतरेल. मग त्यांनी जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि हे सगळं लिहायला मी बसले आहे ते त्याचसाठी.

सगळा फॉस्फरस सारखा अंगी लागत नाही. डाळी, कडधान्यं, कोंडा यांतला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नाहीच. त्यातला चाळीस टक्के, कधी त्याहूनही कमी शोषला जातो. मासे, अंडी, दूध, मटण यांतला चाळीस ते साठ टक्के. पण कारखान्यात पदार्थ टिकावा, फुगावा, मऊ राहावा, चकाकावा म्हणून जे फॉस्फेटचे क्षार घालतात ते पाण्यात विरघळलेले, मोकळे असतात. त्यांतला नव्वद ते शंभर टक्के सरळ रक्तात जातो. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बांगड्याशी माझं भांडण नाही. कपाटातली पाकिटं घेऊन या."

आमच्या घरात पाकिटं फार नसतात, अशी माझी समजूत होती. मुलगा पिशवी भरून घेऊन आला. चीजचे स्लाइस, नूडल्स, केकचं तयार पीठ, पाहुण्यांनी "अशक्तपणा जाईल" म्हणून आणलेली माल्टची पावडर, फ्रीजरमधली कोळंबी, कोलाची बाटली. मॅडमनी एक एक पाकीट उलटं करून बारीक अक्षरांतल्या आकड्यांवर बोट ठेवलं. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक ॲसिड, ते कोलात. ३३९ सोडियम फॉस्फेट, ३४० पोटॅशियमचं, ३४१ कॅल्शियमचं, ३४३ मॅग्नेशियमचं. ४५०, ४५१, ४५२ म्हणजे जोडफॉस्फेटं, ती चीजमध्ये, नूडल्समध्ये, फुगवणाऱ्या पावडरीत, सॉसेज आणि हॅममध्ये. ५४१ असेल तर फॉस्फेटबरोबर ॲल्युमिनियमही. आपल्याकडे पाकिटावर नाव बहुधा लिहीत नाहीत, "इमल्सिफायर", "स्टॅबिलायझर", "ॲसिडिटी रेग्युलेटर" असं काम लिहून कंसात आकडा टाकतात. हे आकडे मी पेन्सिलने लिहून फ्रीजच्या दारावर चिकटवले. बाजारहाटाला जाताना मुलगा त्याचा फोटो बरोबर नेतो.

कोळंबीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. जूनच्या १ तारखेपासून जुलैच्या ३१ पर्यंत मासेमारीच्या बंदीमुळे ट्रॉलर समुद्रात जात नाहीत. बाजारात नदीची थोडी मासळी येते आणि ती सोन्याच्या भावाने जाते. पूर्वी या दिवसांत आम्ही सुके बांगडे, खारं, गालमो यांवर निभवायचो. मला मिठाची बंदी, त्यामुळे सुकी मासळी गेली. मग घरच्यांनी प्रेमाने गोठवलेल्या कोळंबीची पाकिटं आणायला सुरुवात केली. सोललेली, पांढरी, टपोरी. ती तव्यावर टाकली की पाणी सोडायची, इतकं की परतायची ठेवलेली कोळंबी उकडून निघायची. आणि आकसून निम्मी व्हायची. हा बर्फ असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पाकिटावर ४५१ आणि ४५२ होते. गोठवण्याआधी कोळंबी सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे ती पाणी धरून ठेवते, वजन टिकतं आणि वितळल्यावरही टवटवीत दिसते. बाजारातल्या ताज्या सुंगटांचं (कोळंबीचं) तसं होत नाही. आता मासेबंदीत माझं जेवण अंड्याच्या पांढऱ्यावर चालतं. पांढऱ्यात प्रथिनं भरपूर आणि फॉस्फरस एका अंड्यामागे पाच-सहा मिलिग्रॅमच. सगळा फॉस्फरस बलकात. बलक सासूबाई खातात, त्यांच्या किडन्या ऐंशीच्या घरातही उत्तम आहेत.

स्वयंपाक बदलला, पण मी ज्याला भीत होते तितका नाही. हुमणात मासा घालण्याआधी तुकडे भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून टाकते, मग नारळाच्या रसात सोडते. चव जाते. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा घास घशाखाली उतरला नव्हता. पण आंबोट-तिखाच्या मसाल्यात ते झाकलं जातं, आणि उकळून पाणी टाकलं की फॉस्फरस तिसऱ्या हिश्शाने तरी कमी होतो. भाज्यांचंही तेच, बारीक चिरून उकळून पाणी टाकायचं. त्याने पोटॅशियमही उतरतं. तारली काट्यासकट खायची मजा गेली, कारण काट्यात फॉस्फरस ठासून भरलेला. इसवणाचा (सुरमईचा) तुकडा, बांगड्याचं काटे काढलेलं मांस चालतं, रोजचा एक. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, पोयी चालते. तिच्यात कोंडा असतो, पण त्यातला फॉस्फरस फायटेटचा. पेज बंद झाली ती फॉस्फरसमुळे नाही, पेजेतलं पाणीही माझ्या दिवसाच्या पाण्यात मोजावं लागतं म्हणून. काजू मात्र तोडावेच लागले. शंभर ग्रॅम काजूत सहाशेच्या आसपास मिलिग्रॅम. एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची (आमच्याकडे त्यांना बिब्बे म्हणतात) भाजी शिजते तेव्हा मी चमचाभर घेते आणि त्या दिवशी दूध घेत नाही.

गोळ्यांविषयी एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. फॉस्फरस अडवणारी गोळी रक्तात जाऊन काम करत नाही. ती आतड्यातच जेवणातला फॉस्फरस धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. त्यामुळे ती जेवताना घ्यायला हवी, घासांच्या मधे. सकाळी उठून बाकीच्या गोळ्यांबरोबर उपाशीपोटी घेतली तर तिला धरायला काहीच नसतं. आमच्या वॉर्डातले एक काका वर्षभर ती तशीच घेत होते, कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मला आधी कॅल्शियमची गोळी होती, स्वस्त आणि चांगली. एक्स-रेतली रेघ पाहून डॉक्टरांनी ती बंद केली आणि सेव्हेलॅमर दिली. तिच्यात कॅल्शियम नसतं. एकेकाळी यासाठी ॲल्युमिनियमची औषधं देत. ते अंगात साठून मेंदूला आणि हाडांना इजा करतं हे कळल्यावर ती मागे पडली. पण जळजळीवर दुकानात मिळणाऱ्या पातळ औषधांत अजूनही ॲल्युमिनियम असतं. आमच्यापैकी कुणी ती आपल्या मनाने घेऊ नयेत.

नव्या गोळीने पोट साफ होईना. पाणी कमी, भाज्या उकळलेल्या, त्यात ही गोळी. हे दुकानातून एनिमाची बाटली घेऊन आले. दुकानदाराने विश्वासाने दिलेली, सगळ्यांना देतो तीच. मुलाने आता सवयीने मागची बाजू वाचली. सोडियम फॉस्फेट. माझ्यासारखीच्या पोटात तेवढं फॉस्फेट एकदम गेलं तर रक्तातला आकडा काही तासांत जिवावर बेतेल इतका चढू शकतो आणि कॅल्शियम कोसळतं. चांगल्या किडनीलाही पोट साफ करायला तोंडाने घ्यायच्या सोडियम फॉस्फेटच्या औषधांनी कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांवर कडक इशारा छापायला लावला. बाटली परत गेली, डॉक्टरांनी लॅक्टुलोज दिलं. किडनीचा त्रास असलेल्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या घरी हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं: पोट साफ करायचं कुठलंही औषध आणण्याआधी त्यात फॉस्फेट आहे का ते विचारा.

या सगळ्यात वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, एक चर्चा चालूच होती, विहिरीच्या पाण्याची. काणकोणात किडनीचे रुग्ण इतके का, हा प्रश्न गोव्यात कित्येक वर्षं घोळतो आहे, त्यात तिथल्या पाण्याचीही तपासणी झाली. त्यामुळे कुणाची किडनी गेली की आधी बोट पाण्याकडे जातं. माझा आजार जन्माचा, तरी शेजारच्या वहिनी म्हणायच्या, वरच्या कुळागरात (सुपारीच्या बागेत) खत घालतात, ते विहिरीत उतरतं, तुझा फॉस्फरस तिथूनच चढतो. खतात फॉस्फेट असतं हे खरंच आहे. म्हणून मी भाच्याला बोलावलं. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो.

"मावशी, अंदाजाने कशाला बोलायचं, बघूया की," म्हणाला आणि एका रविवारी परीक्षानळ्या, बाटल्या घेऊन आला. पद्धत जुनी आणि सोपी आहे: पाण्यात आम्लातलं अमोनियम मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे क जीवनसत्त्वच, घातलं की फॉस्फेट असेल तर निळा रंग चढतो. जितकं जास्त तितका गडद. पडवीत पाटावर चार नळ्या ओळीने उभ्या केल्या. पहिलीत आमच्या विहिरीचं पाणी, दुसरीत पडोशेहून येणारं नळाचं, तिसरीत वाड्याखालच्या तळीचं, जिथे कपडे धुतात आणि कुळागराचा ओहोळ मिळतो. चौथीत डिस्टिल्ड वॉटरमध्ये शंभर पट पातळ केलेला कोला, इतका पातळ की त्याला स्वतःचा रंगच राहिला नव्हता. औषधं घातली आणि आम्ही थांबलो. वहिनीही येऊन बसल्या.

विहीर आणि नळ, दोन्ही नळ्या पाण्यासारख्या राहिल्या. मागे पांढरा कागद धरला तेव्हा विहिरीच्या नळीत निळ्याची जेमतेम चाहूल होती. तळीची नळी फिकट आकाशी झाली. कोलाची नळी शाईसारखी निळी होत गेली, शंभर पट पातळ करूनही. वहिनी ती हातात घेऊन उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होत्या. घरी गेल्यावर त्यांनी नातवाची बाटली मोरीत ओतली.

भाच्याने ज्ञात द्रावणाशी रंग ताडून आकडा काढला. विहिरीच्या पाण्यात लिटरला मिलिग्रॅमचा दहावा भागही नव्हता. मला दिवसाला लिटरच्या आतच पाणी. म्हणजे पाण्यातून फॉस्फरस आला तरी तो दाढेला लागणार नाही इतका. चीजच्या एका स्लाइसमध्ये शे-दीडशे मिलिग्रॅम असू शकतो, कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीसच्या आसपास. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फॉस्फेटला मर्यादाच दिलेली नाही, जागतिक आरोग्य संघटनेनेही आरोग्यासाठी अशी मर्यादा ठरवलेली नाही, त्याचं कारण हेच. काही देशांत तर जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरू नये म्हणून मुद्दाम थोडं फॉस्फेट सोडतात.

पण तळीच्या त्या आकाशी नळीने मला अस्वस्थ केलं, ते वेगळ्या कारणाने. पाण्यातलं फॉस्फेट माणसाला थेट बाधत नाही, ते शेवाळाला खाऊ घालतं. खत, साबणाचं पाणी, सांडपाणी तळ्यात उतरलं की पाणी हिरवंगार होतं, आणि त्यात निळी-हिरवी सूक्ष्मशेवाळं माजली तर त्यांतल्या काही यकृताला घातक विष सोडतात. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका डायलिसिस केंद्रात असंच पाणी नीट शुद्ध न होता मशीनपर्यंत पोचलं. पन्नासहून जास्त रुग्ण यकृत निकामी होऊन गेले. आमच्यासारखेच, आठवड्यातून तीनदा येणारे. एका डायलिसिसमध्ये मिनिटाला अर्धा लिटर, चार तासांत १२० लिटर पाणी आमच्या रक्ताला पातळशा पडद्याआडून स्पर्श करून जातं. निरोगी माणूस दोन महिन्यांत पितो तितकं. तेव्हापासून आमच्या इस्पितळातल्या आरओच्या खोलीपुढून जाताना आतल्या माणसाला मी आवर्जून विचारते, पाण्याची तपासणी झाली का. तो कंटाळत नाही. तळीत साबण लावून कपडे धुऊ नयेत म्हणून वाड्यावर बैठक घेतली, बाजूला धुण्याचे दगड मांडून पाणी माडांच्या अळ्यात सोडायचं ठरलं. अर्धी माणसं ऐकतात. बाकीच्यांकडे मी परत जाणार आहे.

हे फक्त किडनीच्या रुग्णांचं आहे असं समजू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये फॉस्फेटचं एकूण सेवन, फॉस्फरसमध्ये मोजलं तर, शरीराच्या किलोमागे दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या आत असावं असं ठरवलं, आणि लहान मुलांतली काही ही मर्यादा ओलांडत असावीत असंही सांगितलं. किडनी बरीच कमी चालणाऱ्यांना ही मर्यादा लागू नाही, त्यांना धोका याहून जास्त. आपल्याकडे रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी आहेत, आणि किडनी अर्धी गेली तरी माणसाला कळत नाही. अशी माणसं आज आरामात नूडल्स, चीज, कोला खात आहेत. पाकिटावर ऊर्जा, साखर, चरबी, सोडियम यांचे आकडे छापतात. फॉस्फरसचा छापायची सक्ती नाही. ४५२ घातलंय हे कळतं, किती घातलंय हे कळत नाही. चमच्याने मोजून खाणाऱ्या माणसाला याहून मोठी अडचण नाही. ग्राहक म्हणून हे लिहून मागायला हवं. मी अन्नसुरक्षा प्राधिकरणाला मराठीतून आणि इंग्रजीतून पत्र पाठवलं आहे, आमच्या वॉर्डातल्या बहुतेकांनी त्यावर सह्या केल्या. डाव्या हातात सुया असल्याने काहींनी उजव्या हाताने, डावखुऱ्यांनी घरून सही करून आणून.

पाकिटं घराबाहेर गेल्यावर आकडा हळूहळू उतरला, आता ५.२ वर आहे. खाज रात्री झोपू देण्याइतकी कमी झाली. डोळे स्वच्छ आहेत. पीटीएच अजून जास्त आहे, त्याच्यासाठी वेगळी गोळी सुरू केली आहे, तिने मळमळतं. एक्स-रेतली रेघ पुसली जाणार नाही, ती वाढू नये एवढंच आता बघायचं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

पुढच्या आठवड्यात चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मॅडमना यादी दाखवून आले. खतखतं उकळून पाणी टाकलेल्या भाज्यांचं, वाटी भरून. वाटाण्यांची उसळ नाही. पातोळी एक, गुळाला जरा हात आखडता घेऊन. काजूची खीर बाकीच्यांसाठी. आणि गोळी पहिल्या दोन-तीन घासांनंतर, पानावरच.